पान उलटून बघा

(मुळशी तालुक्यातल्या एका श्रमदान शिबिरानंतर तरुणांपुढे केलेलं भाषण)



सकाळी सातपासून तुम्ही कब्रस्तानातलं गाजरगवत उपटताय. ज्यांनी हातमोजे घातले नव्हते त्यांच्या मनगटांना आता खाज सुटली असेल. साबणाने हात धुऊन या, मग बसा. मला अर्धा तास दिलाय, तेवढ्यातच संपवतो.

आधी एक खुलासा. मी शेतीतज्ज्ञ नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअरची. हिंजवडी मुळशी तालुक्यात येते हे तिथे रोज गाडी घेऊन येणाऱ्या अनेकांना माहीतच नसतं. माझं घरही याच तालुक्यात आणि ऑफिसही, त्यामुळे माझ्या आयुष्यातलं सगळं चांगलं-वाईट मुळशीतच घडलंय. त्यातलं एक वाईट आज सांगणार आहे, कारण ते मी स्वतः केलं होतं.

२०१० साल. मी तिसऱ्या वर्षाला होतो. बकरी ईदची नमाज झाल्यावर आम्ही सगळे आमच्या गावच्या कब्रस्तानात गेलो. तिथे तेव्हा तीन चाफे होते, आपला जुना पांढरा चाफा, पावसाळ्याआधी पानं गाळून नुसत्या बोटांसारखा उभा राहणारा. त्यातला एक माझ्या दादीच्या कबरीशेजारी. भिंतीला लागून जास्वंद होती आणि जनाज्याची डोली ठेवायच्या शेडमागे दोन पपया, कुणी लावल्या देव जाणे. त्या दिवशी पपईच्या खोडावर, पानांच्या खाली, फळांच्या देठाशी कापूस पिंजून चिकटवल्यासारखं पांढरं काहीतरी होतं. पानं आकसलेली. खालच्या कबरींवर चिकट थेंब पडलेले, आणि त्या चिकट्यावर काजळी धरलेली. जास्वंदीवर तेच. दादीच्या चाफ्यावर सुरुवात झालेली.

जमातीतले एक बुजुर्ग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे इंजिनिअर, इतना पढ्या, झाड की दवा नै मालूम क्या?"

कॉम्प्युटरवाल्याला पंख्यापासून पपईपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं अशी आपल्याकडे समजूत आहे. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. मी कृषी सेवा केंद्रात गेलो, पांढरी कीड आहे म्हणालो, त्यांनी बाटली दिली, मी शेजारच्यांकडून पाठीवरचा पंप आणला आणि फवारलं. आठ दिवसांत कीड कमी दिसली. मला लोकांनी शाबासकी दिली. वीस-पंचवीस दिवसांनी ती आधीपेक्षा जास्त आली. मी परत फवारलं, औषध थोडं जास्त घालून. परत कमी, परत जास्त. तिसऱ्या फवारणीनंतर तिथे कोळी नव्हते, फुलपाखरं नव्हती, ढालकिडे नव्हते. कब्रस्तानात शुकशुकाट असतोच, पण तो किड्यांचाही होता. फक्त मुंग्या आणि ती पांढरी कीड.

शेवटी जमातीने ठरवलं की झाडं तोडायची. पपया गेल्या, जास्वंद गेली, आणि दादीचा चाफाही गेला. मी तिथेच उभा होतो. अब्बा काही बोलले नाहीत. घरी येऊन त्यांनी कुदळ जागेवर ठेवली आणि झोपून गेले. तोडलेल्या फांद्या आम्ही ओढत ओढत भिंतीपर्यंत नेल्या आणि पलीकडे टाकल्या. हेही चूकच होतं, कारण फांदी ओढली की किडीची पिल्लं वाटभर सांडतात. पण ते तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

भिंतीपलीकडे तात्यांचं शेत. त्यांच्या बांधावर वीसेक पपया होत्या आणि त्यांच्यावरही हीच कीड होती. त्या वर्षी तात्यांकडे औषधाला पैसे नव्हते. त्यांनी पपया सोडून दिल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यांच्या शेतातल्या निम्म्याअधिक पपयांना स्वच्छ शेंडे फुटले. आमच्याकडे बुंधे होते.

वीस झाडांच्या आणि पाच झाडांच्या तुलनेवरून मी काही सिद्ध करत नाही. ऑफिसात असा पुरावा कुणी आणला तर मीच परत पाठवीन. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. उत्तर मिळायला काही वर्षं गेली.

त्या किडीचं नाव पपईवरचा पिठ्या ढेकूण. पिठ्या ढेकणाच्या आपल्याकडे बऱ्याच जाती आहेत, ही त्यांतली नवी. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेची. तिथे तिने कधी मोठा उच्छाद मांडल्याचं ऐकिवात नाही. १९९०च्या दशकात ती कॅरिबियन बेटांवर पसरली, १९९८ मध्ये फ्लोरिडात सापडली, मग पॅसिफिकमधल्या बेटांवर गेली, आणि २००८ मध्ये कोइमतूरला. तमिळनाडूत पपई, तुती, टॅपिओका या पिकांची धूळधाण झाली. तुती गेली की रेशमाचे किडे उपाशी, म्हणजे रेशीमवालेही बसले. २०१० मध्ये पुण्यात तिची नोंद झाली. त्याच वर्षीच्या बकरी ईदला मी ती आमच्या शेडमागे पाहिली, नाव माहीत नसताना.

ही कीड एवढी माजते कशी? मादीला पंख नसतात. ती एका जागी बसून रस पिते आणि कापसासारख्या पिशवीत अंडी घालते, शंभरावर, कधी पाचशे-सहाशेपर्यंत. पिल्लं टाचणीच्या टोकाएवढी. ती वाऱ्याने जातात, मुंग्यांच्या अंगावरून जातात, आपल्या कपड्यांवरून जातात, आणि सगळ्यात लांब जातात ती रोपांबरोबर, ट्रकमधून. ढेकणाच्या अंगावर मेणाचं पीठ असतं, त्यामुळे औषध वरून घसरतं. रस पिऊन तो जो गोड चिकटा सोडतो तो मुंग्यांना आवडतो. मुंग्या त्याच्यासाठी पहारा करतात, त्याला खायला येणाऱ्या किड्यांना हाकलतात. फुकटचा बंदोबस्त!

ओळखायची एक सोपी खूण आहे. हा ढेकूण स्पिरिटमध्ये टाकला की निळसर काळा पडतो.

आता मुख्य गोष्ट. मेक्सिकोत याला खाणारे, याच्यात अंडी घालणारे किडे आहेत. इथे तो एकटाच आला. हे ओळखून बंगळुरूच्या केंद्रीय संस्थेने, जिला आज राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो म्हणतात, २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तीन जातींच्या परोपजीवी माश्या मागवल्या. माशी म्हणायचं, पण जातकुळी गांधीलमाशीची, आकार अगदी बारीक, आणि माणसाला डंख मारत नाही. आधी त्यांना क्वारंटाइनमध्ये ठेवलं (हा शब्द कोविडनंतर तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही), तपासण्या केल्या, आणि ऑक्टोबर २०१० पासून तमिळनाडूत सोडायला सुरुवात केली. त्यातली अॅसेरोफॅगस पपायी ही सगळ्यात कामाची ठरली. ती छोट्या ढेकणाच्या अंगात अंडं घालते. अंड्यातली अळी ढेकणाला आतून खाते. ढेकूण फुगतो, तपकिरी होतो, कडक होतो, आणि एक दिवस त्याला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. काही महिन्यांत तमिळनाडूतले मळे सावरायला लागले. पुढे ही माशी पुण्याच्या भागातही सापडली. तमिळनाडूतल्या आणि अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये हिशेब छापला: पाच वर्षांचा फायदा, कमीत कमी धरला तरी, ५० कोटी डॉलरच्या वर. शेतकऱ्याला त्यासाठी पंप पाठीवर घ्यावा लागला नाही.

म्हणजे मी तिसऱ्यांदा पंप पाठीवर घेतला तेव्हा काय करत होतो? ढेकणाचं अंग मेणाने झाकलेलं. त्याच्या शत्रूंचं अंग उघडं. मी त्याचे शत्रू मारत होतो आणि त्याला मोकळं रान देत होतो. परदेशी माशीचं सोडा, ती आमच्या गावात तेव्हा पोचली होती की नाही हे मला सांगता येणार नाही. पण ढालकिडे होते, कोळी होते, ते मी माझ्या हाताने मारले.

ही काही जगाच्या इतिहासातली पहिली वेळ नव्हती. आपल्या पुण्याच्याच पूर्वेला उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ सुरू केली. त्या संस्थेने सुबाभूळ गावोगाव नेली: चारा, सरपण, सगळं एका झाडात. १९८८ मध्ये सुबाभळीवरचा एक परदेशी तुडतुडा भारतात पोचला आणि कोवळे शेंडे करपायला लागले. त्याच्यावरही शेवटी बाहेरून ढालकिडा आणून सोडावा लागला. आणि सकाळी तुम्ही जे गाजरगवत उपटलंत तेही अमेरिकेतलंच, आपल्याकडे त्याची पहिली नोंद झाली ती १९५०च्या दशकात, पुण्यात. पपईचा ढेकूण त्याच्यावरही मजेत राहतो. म्हणून आज आपण कबरींमधलं गवत आधी काढलं. ते नुसतं साफसफाईचं काम नव्हतं.

इथे थोडं विषयांतर करतो. या किडींबद्दल लिहिताना पेपरवाले 'घुसखोर' लिहितात, 'परदेशी आक्रमण' लिहितात. मला ते शब्द वाचून कसंतरीच होतं, आणि या सभागृहात का होतं ते समजावून सांगायची गरज नाही. पण नुसतं वाईट वाटण्यापलीकडे, तो शब्द चुकीची दिशा दाखवतो. आपण ज्या झाडासाठी रडलो तो पांढरा चाफा कुठला? मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा. पपई कुठली? तिथलीच. जिथून ढेकूण आला तिथूनच झाड आलं, फक्त काही शतकं आधी. आता तो चाफा आपल्या कब्रस्तानात आहे, देवळापुढे आहे, आणि त्याला कुणी कागदपत्रं विचारत नाही. ढेकणाचा त्रास तो बाहेरून आला म्हणून नाही. त्याला आवर घालणारं मागे राहिलं म्हणून आहे. आणि ज्याने आवर घातला ती माशीही बाहेरचीच.

असो. पुढचं ऐका.

२०२३ च्या उन्हाळ्यात परत तेच झालं. म्हणजे तेच नाही. या वेळी कब्रस्तानातल्या दोन नारळांवर, पेरूवर, बदामावर आणि उरलेल्या दोन चाफ्यांवर पानाखाली पांढऱ्या रेघा दिसल्या, गोल गोल, जिलबीसारख्या. पानावर तोच चिकटा, तीच काजळी. नारळाखालच्या कबरी काळ्या पडलेल्या. बुजुर्ग आता थकले होते, पण त्यांनी माझ्याकडे तसंच पाहिलं. या वेळी मी औषध आणलं नाही. चार पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं आणि पुण्यात एका कीटकशास्त्रज्ञांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, नारळावरची आहे रुगोज चक्राकार पांढरी माशी. चाफ्यावर तिची जुनी बहीण असू शकते. जुनी १९९३ मध्ये केरळात आली होती, ही नवी २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला सापडली. मग त्यांनी एक पान उलटं करून भिंगाखाली धरलं आणि मला विचारलं, "भोकं मोजलीत का?"

मी मोजली नव्हती. तिथे भोकं असतात हेच माहीत नव्हतं.

ते नीट सांगतो, कारण तुम्ही घरी जाऊन हेच करायचं आहे. पांढऱ्या माशीचं पिल्लू पानाला चिकटून बसतं, खवल्यासारखं. त्यातून माशी बाहेर पडली की रिकाम्या खवल्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर राहते. पण त्या पिल्लात जर एन्कार्सिया नावाच्या परोपजीवी माशीने अंडं घातलं असेल, तर खवला काळपट होतो आणि त्यातून मित्रमाशी गोल भोक पाडून निघते. चीर म्हणजे त्यांची एक वाढली, गोल भोक म्हणजे आपली एक वाढली. ही एन्कार्सिया कुणी मुद्दाम आणलीही नाही. पांढऱ्या माशीच्या मागोमाग स्वतःच आली. आमच्या पानावर गोल भोकं होती. थोडी, पण होती. शास्त्रज्ञ म्हणाले, रासायनिक फवारणी करू नका, तुमचं काम सुरू झालंय.

हे घेऊन मी जमातीच्या बैठकीत गेलो. तुम्ही अशा बैठका पाहिल्या आहेत. एक जण म्हणाले, नारळ तोडा, नाहीतरी फळ डोक्यात पडायचं. एक म्हणाले, मुळाशी थिमेट घाला, एका दमात काम. थिमेट म्हणजे फोरेट. त्याच्यावर २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे, तरी जुना डबा कुणाच्या ना कुणाच्या कोठीत सापडतो. आणि आमची विहीर तिथून पंचवीस पावलांवर, मय्यतीच्या गुस्लचं पाणी तिचंच. मी उठून म्हणालो, विहिरीच्या शेजारी थिमेट घालू देणार नाही. आवाज थोडा चढला. मग कुणीतरी बोललंच, "पिछली बार भी तूच था ना पंप लेके?"

होतो. तेच सांगितलं. म्हणालो, तेव्हा मी होतो म्हणूनच आज सांगतोय.

सदरसाहेबांनी तोडगा काढला: दोन महिने. दर रविवारी मी मोजणी करून दाखवायची. दोन महिन्यांत फरक नाही पडला तर नारळ आणि चाफे तोडायचे. मान्य केलं. घरी येताना पोटात गोळा आला होता, कारण दोन महिन्यांत काय होईल हे मला अजिबात माहीत नव्हतं.

मी वीस पानांना लाल दोरा बांधला. माझी भाची तेव्हा अकरा वर्षांची, तिला भिंग दिलं. तिची नजर माझ्यापेक्षा चांगली. मी पंधरा वर्षं स्क्रीनकडे बघून डोळे घालवलेत. ती मोजायची, मी एक्सेलमध्ये भरायचो. पहिल्या रविवारी वीसपैकी तीन पानांवर गोल भोकं. दुसऱ्या रविवारी चार. तिसऱ्या रविवारी परत तीन. सदरसाहेबांनी कागद बघितला, मला परत दिला, काही बोलले नाहीत. चौथ्याला सहा.

नुसतं मोजत बसलो नव्हतो. नारळाच्या खालच्या झावळ्यांवर पाइपने जोरात पाणी मारायचो, त्याने माश्या आणि चिकटा दोन्ही धुऊन जातात. काजळीवर स्टार्चचं एक टक्का पाणी, म्हणजे लिटरला दहा ग्रॅम, नीट शिजवून गाळून फवारलं. ते वाळलं की काजळीचे पापुद्रे सुटून पडतात. मुंग्या चढू नयेत म्हणून पेरूच्या खोडाला चिकटपट्टी गुंडाळली. आणि ज्या पानांवर काळपट खवले जास्त होते, त्यांचे तुकडे कापून दुसऱ्या झाडांच्या पानांना टाचले, म्हणजे मित्रमाशी तिथे निघेल. यात कुठेही पैसे फारसे गेले नाहीत. वेळ गेला.

अडचण आली ती भिंतीपलीकडून. तात्या आता थकले, शेत मुलगा बघतो. तो भाजी करतो आणि दर आठवड्याला फवारतो, आणि वारा आमच्याकडे. मी त्याला फोन करणार होतो, पण अब्बा म्हणाले, फोनवर नको, घरी जा, तात्यांच्या समोर बोल. गेलो. तात्यांना पानं दाखवली, भिंग दिलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, "तुमच्या पपया गेल्या त्या वर्षी माझ्या वाचल्या होत्या. मला वाटलं देवाची कृपा." मी म्हणालो, "तात्या, तीही असेल." मुलगा कबूल झाला: भिंतीलगतच्या चार सऱ्या सोडून फवारणी, आणि वारा पडल्यावर. त्यालाही आम्ही पानांचे तुकडे दिले, त्याच्या नारळांसाठी. त्या काळात तालुक्यात काय काय बोललं जात होतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या चार सऱ्या त्याने खरंच सोडल्या. मी दर रविवारी बघत होतो.

आठव्या रविवारी वीसपैकी चौदा पानांवर गोल भोकं होती आणि नव्या झावळ्या जवळजवळ स्वच्छ होत्या. आता प्रामाणिकपणे सांगतो: सहाव्या आठवड्यानंतर पाऊस सुरू झाला होता, आणि मुळशीचा पाऊस म्हणजे पाइपने पाणी मारण्याची गरज उरत नाही. पांढरी माशी कोरड्या दिवसांत वाढते, पावसात घटते. त्यामुळे किती श्रेय माशीचं आणि किती पावसाचं, हे माझं एक्सेल सांगू शकत नाही. पेरू वाचला नाही. त्याला खोडकिडाही होता, तो आम्ही उशिरा बघितला. पण नारळ आणि दोन्ही चाफे उभे आहेत. पुढच्या उन्हाळ्यात पांढरी माशी परत आली, थोडी. गेली.

आता तुमच्याबद्दल. तुम्ही चांगली मुलं-मुली आहात म्हणून बोलतो, नाहीतर बोललो नसतो. दर पंधरा ऑगस्टला आपण झाडं लावतो. रोपं येतात नर्सरीतून, फोटो येतो, बॅनरवर सगळ्यांची नावं येतात. झाडांची नावं मात्र येत नाहीत! ती रोपं कुठून आली हे कुणी विचारतं का? उरुळीकांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्याला नर्सऱ्याच नर्सऱ्या आहेत, आणि आंध्रातल्या कडियमहून रोपांचे ट्रक देशभर जातात. वाईट काही नाही त्यात, लोकांचं पोट आहे. पण कीड त्याच ट्रकमध्ये बसून येते. हिंजवडीत प्रत्येक इमारतीपुढे तयार झाडं आणून उभी करतात. ऑफिसातून जेवायला बाहेर पडलो की मी पानं उलटी करून बघतो, सहकारी हसतात. रोप घेण्याआधी पानं उलटून बघा, देठाशी बघा. आणल्यावर दोन-तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा, मग लावा. पांढरं दिसलं तर फांदी कापून पिशवीत बंद करा, उन्हात तापवा किंवा जाळा. भिंतीपलीकडे टाकू नका. निंबोळी अर्क फवारायचा तर जिथे कीड आहे तिथेच, सगळ्या झाडाला आंघोळ नको. आणि कीड कोणती हे कळेपर्यंत पंप भाड्याने आणू नका.

सार्वजनिक झाडाची अडचण अशी की ते सगळ्यांचं असतं, त्यामुळे आजारी पडलेलं कुणाला आधी दिसत नाही. घरच्या तुळशीला, मोगऱ्याला काय झालं ते अम्मीला दुसऱ्या दिवशी कळतं. कब्रस्तानातल्या झाडाकडे आपण बघतो ते मय्यतीला आणि ईदला. तेव्हा डोळे वेगळीकडे असतात. म्हणून आमच्या गावात आता यादी आहे: प्रत्येक झाडापुढे एक नाव. माझ्या भाचीकडे दोन चाफे आहेत. सदरसाहेबांनी स्वतःकडे विहिरीजवळचा नारळ घेतलाय, आणि ते मला दर आठवड्याला फोन करून झावळीचा रंग सांगतात. मी काही विचारलेलं नसताना.

दादीच्या कबरीशेजारी गेल्या वर्षी आम्ही उरलेल्या चाफ्याचीच फांदी लावली. चाफ्याची फांदी तोडून चार-आठ दिवस सावलीत सुकू द्यायची, चीक वाळला की रोवायची, पाणी बेताचं. ती लागलीय. सध्या तिला सात पानं आहेत.

इथल्या कब्रस्तानात आज सकाळी मी फिरलो. एकूण अकरा मोठी झाडं आहेत आणि पश्चिमेच्या कोपऱ्यातल्या बदामावर मला पांढऱ्या रेघा दिसल्या. गोल भोकं आहेत की नाहीत हे मी मुद्दाम बघितलं नाही. चहा घेऊन आपण सगळे तिकडेच जाऊ. पाच भिंगं आणली आहेत, गटात एक. काम झालं की परत द्या. मागच्या शिबिरातली दोन अजून आलेली नाहीत.